देवराईतला उन्हाळा: पदवीच्या विद्यार्थ्यांना वनसंशोधनात मार्गदर्शन कसे करावे

सत्र परीक्षा संपल्यापासून कोकणात पाऊस सुरू होईपर्यंत पदवीच्या विद्यार्थ्याच्या हाती सहा, फार तर आठ आठवडे असतात. दापोलीत किंवा अकोल्यात वनशास्त्र शिकणारी, पुण्यात वा रत्नागिरीत वनस्पतिशास्त्र घेतलेली अनेक मुले-मुली या काळात एखाद्या प्राध्यापकाकडे किंवा पीएच.डी. करणाऱ्या संशोधकाकडे काम मागायला येतात. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी फेलोशिपही दोन महिन्यांचीच असते. या मुलांना पुष्कळ ठिकाणी टेप धरायला, आकडे उतरवायला आणि शेवटी मार्गदर्शकाच्याच प्रकल्पाच्या तक्त्यात भर घालायला लावले जाते. माझे मत असे आहे की विद्यार्थ्याला या काळात एक लहान पण पूर्ण प्रश्न स्वतःचा म्हणून मिळाला पाहिजे आणि तो त्याने ठरवण्यापासून लिहून काढण्यापर्यंत नेला पाहिजे. मार्गदर्शकाचे कसब तो प्रश्न पुरेसा लहान करण्यात आहे. पुढचे सारे लिखाण कोकणातल्या देवरायांमधील, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांमधील, झाडांची आणि रोपांची पाहणी डोळ्यांसमोर ठेवून केले आहे, कारण उन्हाळ्यात जाता येईल, दोन महिन्यांत आटोपेल आणि तरीही ज्यातून काही खरे हाती लागेल असे काम तिथे मिळते.

ऋतूला पेलणारा प्रश्न

विद्यार्थी येताना बहुधा मोठा विषय घेऊन येतो: हवामानबदलाचा देवरायांवर परिणाम, किंवा पश्चिम घाटातील जैवविविधता. तो मोडीत काढू नये आणि त्याऐवजी आपला तयार विषयही हातात ठेवू नये. पहिल्या बैठकीत त्याच्याबरोबर बसून कागदावर एकच वाक्य लिहावे, ज्यात कशाची तुलना कशाशी करायची, कुठे करायची आणि नेमके काय मोजायचे हे तिन्ही यावे. त्या वाक्यात ‘परिणाम’ किंवा ‘महत्त्व’ असा शब्द उरला असेल तर ते अजून पुरे झालेले नाही असे समजावे. ‘देवराईच्या काठापासून दहा मीटरच्या आत आणि देवराईच्या मध्यभागी, मे महिन्यात जिवंत असलेल्या ऐन, किंजळ आणि जांभूळ यांच्या रोपांची संख्या वेगळी आहे का?’ इथपर्यंत वाक्य आले की काम सुरू करता येते. हे वाक्य तयार व्हायला दोन-तीन बैठका लागतात आणि त्या विद्यार्थी शेतावर-रानात जाण्यापूर्वी, शक्यतो मार्चमध्येच, उरकलेल्या बऱ्या.

प्रश्न ठरवताना ऋतूचा विचार सर्वांत आधी करावा लागतो, आणि नेमका तोच पुस्तकी आराखड्यांत नसतो. एप्रिल-मेमध्ये ऐनासारखी पानझडी झाडे पालवीविना किंवा नुकत्या पालवीत उभी असतात. त्या वेळी घेतलेल्या छायाचित्रांवरून छत्राची, म्हणजे डोक्यावरच्या फांद्या-पानांच्या आच्छादनाची, घनता काढली तर ती पावसाळ्यातल्या घनतेपेक्षा फार कमी भरणार. कोरड्या दिवसांत पानझडी झाडाच्या घेराची वाढ जवळजवळ थांबलेली असते, म्हणून दोन महिन्यांत वाढीचा वेग मोजण्याची कल्पना सोडून द्यावी. रातांब्यात (कोकमाच्या झाडात) नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. मे महिन्यात फळे लगडलेली झाडे मादी हे कळते, पण फळ नसलेले झाड नर आहे की यंदा न फळलेली मादी, हे सांगता येत नाही, कारण फुलांचा हंगाम तेव्हा उलटलेला असतो. नर आणि मादी झाडे किती, असा प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थिनीला नुसते ‘जमणार नाही’ म्हणू नये. तिला रातांब्याखाली घेऊन जावे, आणि काय दिसते व काय दिसत नाही याची यादी तिलाच करू द्यावी.

रोपांच्या गणनेतही हीच मेख आहे. जांभळाचे बी पडल्यावर थोड्याच आठवड्यांत रुजले नाही तर मरते, म्हणजे त्याची नवी रोपे दिसतील ती पावसात. मे महिन्यात जमिनीवर जी रोपे उभी आहेत ती मागच्या पावसात किंवा त्याआधी रुजलेली आणि नोव्हेंबरपासूनचा सगळा कोरडा काळ तगून राहिलेली असतात. म्हणून उन्हाळी गणना रुजव्याबद्दल काही सांगत नाही, ती तगण्याबद्दल सांगते. आणि तगण्याबद्दलचा प्रश्न विचारायला याहून योग्य महिना दुसरा नाही. हे विद्यार्थ्याला एकदा उमगले की आपल्या हातातले आकडे कशाचे आहेत हे तो शेवटपर्यंत विसरत नाही.

गाव, देवस्थान आणि वनखाते

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला तेव्हापासून देवराई संशोधकांच्या नकाशावर आली, पण गावाच्या नकाशावर ती त्याआधी कितीतरी पिढ्या आहे. कोणतीही देवराई निवडण्यापूर्वी तिची जमीन कोणाच्या नावावर आहे हे सातबाऱ्यावरून पाहावे. काही देवराया वनखात्याच्या, काही महसूल खात्याच्या, काही देवस्थानाच्या तर काही खासगी मालकीच्या असतात. वनजमीन असेल तर उपवनसंरक्षकांच्या कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्यावी. अर्ज मार्गदर्शकाने करायचा असतो आणि तो जानेवारी-फेब्रुवारीत गेला पाहिजे. हाती असलेल्या आठ आठवड्यांपैकी तीन आठवडे विद्यार्थी परवानगीची वाट पाहत बसला तर तो दोष त्याचा नाही.

लेखी परवानगी मिळाली तरी सरपंच, गावकर-मानकरी आणि गुरव यांना भेटल्याशिवाय टेप उलगडू नये. या भेटीला विद्यार्थ्याला बरोबर न्यावे आणि काय मोजणार, कशासाठी मोजणार हे त्यालाच सांगू द्यावे. अनेक देवरायांत चपला बाहेर काढतात, वाळलेली फांदीही घरी नेत नाहीत आणि काही ठिकाणी देवळामागच्या भागात कोणी शिरत नाही. नमुना म्हणून डहाळी तोडायची असेल तर तेही आधी विचारावे, आणि नको म्हटले तर छायाचित्रावर काम भागवावे. एखाद्या राईत स्त्रियांना जायला मनाई असेल आणि गटात मुली असतील, तर त्यांना काठावर बसवून मुलांकडून मोजमाप करून घेण्यापेक्षा दुसरी देवराई निवडावी, असे माझे ठाम मत आहे. देवराया पुष्कळ आहेत, आणि मुलीचा हा पहिला उन्हाळा एकदाच येतो.

वाट दाखवणाऱ्या आणि झाडे ओळखून देणाऱ्या गावातल्या माणसाला दिवसाची मजुरी द्यावी आणि अहवालात, त्याच्या संमतीने, त्याचे नाव घालावे. विद्यार्थ्याच्या एसटीचा, जेवणाचा आणि राहण्याचा खर्चही आधीच ठरवून द्यावा. बिनपैशाचे काम ज्याला परवडते त्यालाच हा अनुभव मिळणार असेल, तर आंब्याच्या हंगामात घरच्या कामाला हातभार लावावा लागणारी हुशार मुले आपल्यापर्यंत पोहोचणारच नाहीत.

पहिला आठवडा फक्त मोजायला शिकण्याचा

पहिल्या आठवड्यातले आकडे अंतिम तक्त्यात घेऊ नयेत, आणि हे विद्यार्थ्याला आधीच सांगावे, म्हणजे तो न घाबरता चुका करील. प्रत्येकाला एक सरळ काठी घेऊन तिच्यावर १.३७ मीटरची खूण करायला लावावी, कारण भारतात झाडाचा घेर छातीइतक्या म्हणजे या उंचीवर मोजण्याचा प्रघात आहे. काठी नसली की उंच मुलगा वर मोजतो आणि ठेंगणी मुलगी खाली. उतारावर काठी झाडाच्या वरच्या अंगाला टेकवायची, वाकलेल्या झाडाला टेप खोडाच्या रेषेला काटकोनात गुंडाळायची, आणि खोडावर चढलेली गुळवेल टेपच्या आत येऊ द्यायची नाही. १.३७ मीटरच्या खाली दुभंगलेल्या झाडाची दोन्ही खोडे वेगवेगळी मोजावीत, मात्र झाडाचा क्रमांक एकच ठेवून त्याला ‘क’ आणि ‘ख’ जोडावे.

कोकणात भाताच्या रोपवाटिकेत राब भाजण्यासाठी, म्हणजे पेरणीआधी जमिनीवर पालापाचोळा जाळण्यासाठी, ऐन-किंजळीचा टाहाळ तोडतात. देवराईत तोड नसली तरी तिच्या काठावर आणि लगतच्या रानात अशी तासलेली झाडे हटकून भेटतात. त्यांच्या खोडावर नेमक्या छातीच्या उंचीला गाठ आलेली असते. तिथे गाठीच्या वर आणि खाली सारख्याच अंतरावर दोन मापे घेऊन सरासरी काढावी आणि शेऱ्यात ‘गाठ’ असे लिहावे. विद्यार्थी विचारतो की एवढ्या बारकाव्याने काय फरक पडतो. त्याला गणित करून दाखवावे: खोडाच्या छेदाचे क्षेत्रफळ घेराच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे घेरात दोन टक्के चूक झाली की क्षेत्रफळात जवळजवळ चार टक्के होते, आणि टेप गाठीवरून गेली तर चूक दोन टक्क्यांवर थांबत नाही.

या आठवड्यातला सर्वांत उपयोगी सराव अगदी साधा आहे. खडूने क्रमांक घातलेली वीस झाडे दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना न दाखवता मोजावीत आणि संध्याकाळी दोघांच्या वह्या शेजारी ठेवाव्यात. कुठे फरक पडला ते त्यांनीच शोधावे आणि दुसऱ्या दिवशी त्या झाडांकडे परत जावे. मार्गदर्शकाने उत्तर सांगण्याची घाई करू नये. पुढे प्रत्यक्ष कामातही दहातली एक चौकट (मोजणीसाठी जमिनीवर आखलेला चौरस) दुसऱ्या जोडीने पुन्हा मोजावी आणि तो फरक अहवालात छापावा.

चौकट आखतानाही उताराचे भान लागते. जमिनीला समांतर धरलेल्या टेपने २० मीटर मोजले तरी २० अंशांच्या उतारावर नकाशातले अंतर त्याहून कमी भरते. आडवे २० मीटर हवे असतील तर उतारावरून सुमारे २१.३ मीटर जावे लागते. कोपरा काटकोनात आहे की नाही हे कर्णावरून तपासावे: २० मीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण २८.२८ मीटर येतो. दाट छत्राखाली हातातला जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतो, त्यामुळे तो देवराईत पोहोचायला आणि चौकट नकाशावर ठेवायला वापरावा. चौकटीच्या बाजू टेप आणि होकायंत्रानेच आखाव्यात.

ऐन की किंजळ

उन्हाळ्यात झाड ओळखणे हे विद्यार्थ्याला सर्वांत अवघड जाते, कारण त्याने वर्गात फुले आणि पाने पाहिलेली असतात आणि समोर उघडी खोडे उभी असतात. ऐन आणि किंजळ ही एकाच कुळातली, एकाच रानात वाढणारी झाडे घेऊन शिकवायला सुरुवात करावी. ऐनाची साल जाड, काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी खोल चौकोनी तुकड्यांत भेगाळलेली असते. किंजळीची साल तितकी खोल फाटत नाही आणि भेगा बहुधा उभ्या जातात. तेवढ्यावर विश्वास न ठेवता विद्यार्थ्याला झाडाखालचा पाचोळा चाळायला लावावा. ऐनाच्या फळाला पाच रुंद पंख असतात, तर किंजळीचे फळ लहान असून त्याचा एक पंख मोठा आणि दोन छोटे असतात. खोड, पाचोळ्यातले पान आणि जुने फळ या तिन्हींची साक्ष जुळली की नाव लिहावे. फळ शेजारच्या झाडाचेही असू शकते, म्हणून एकट्या फळावरून कधीच लिहू नये.

ओळख पटली नाही तर ‘अनोळखी १’, ‘अनोळखी २’ असे लिहून साल, पान, देठ आणि संपूर्ण झाड यांची छायाचित्रे काढावीत. अंदाजाने लिहिलेले नाव नंतर सापडत नाही. ‘अनोळखी’ मात्र कधीही सोडवता येते. गावातला माणूस जे नाव सांगेल ते त्याच्या उच्चारासह टिपून घ्यावे, पण शास्त्रीय नावाच्या रकान्यात ते परस्पर बदलून टाकू नये, कारण दोन खोऱ्यांत एकाच नावाची दोन झाडे असू शकतात. तोडण्याची परवानगी असलेले नमुने दाबून, वाळवून पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेतल्या किंवा मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर वनस्पतिसंग्रहातल्या नमुन्यांशी ताडून पाहता येतात. शक्य असेल तर विद्यार्थ्याला तिथे एक दिवस घेऊन जावे. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावरची बारीक अक्षरातली चिठ्ठी वाचली की आपल्या वहीत तारीख आणि ठिकाण का लिहायचे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

वही

वही पक्क्या बांधणीची असावी आणि पेन्सिलीने लिहावी, कारण घामाने आणि वळवाच्या सरीने शाई पसरते. खोडरबर वापरू नये. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा. रोज संध्याकाळी, जेवणाआधी, पानाचे छायाचित्र काढून ठेवावे आणि त्याच दिवशी आकडे संगणकात भरावेत. आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाने स्वतः वही वाचावी आणि समासात प्रश्न लिहावेत: ही चौकट का सोडली, इथे रोपे शून्य आहेत की मोजायची राहिली? शून्य आणि रिकामी जागा यांतला फरक पहिल्याच आठवड्यात पक्का व्हायला हवा.

जीव आधी

काम सकाळी सहा-साडेसहाला सुरू करून अकराच्या आत थांबवावे. कोकणातला उन्हाळा तापमानापेक्षा दमटपणाने माणसाला थकवतो, आणि थकलेला विद्यार्थी चुकीचे मोजतो. एकट्याने रानात जायचे नाही, हा नियम मार्गदर्शकालाही लागू असावा.

दगड उचलताना आणि पाचोळ्यात हात घालताना आधी काठीने चाचपावे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसे पुष्कळ, आणि लाल विंचूही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून त्याने होणारे मृत्यू फार कमी झाले, पण औषध वेळेत मिळाले तरच. काम सुरू होण्याआधी सर्वांत जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन सर्पदंशावरची लस आणि हे औषध तिथे आहे का, रात्री डॉक्टर असतात का आणि तिथवर गाडी कोण नेईल हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. साप चावल्यास आवळपट्टी बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये; अवयव न हलवता रुग्णालय गाठावे.

दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडीच्या चावण्याने होतो आणि त्याचा जोर नेमका कोरड्या महिन्यांत असतो. त्या भागात काम असेल तर आधी आरोग्य केंद्राशी बोलावे, विजार मोज्यांत खोचावी, किडे दूर ठेवणारे मलम लावावे, परतल्यावर अंग तपासावे, आणि मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता कळवावे. पालकांना हे सारे लपवू नये. त्यांच्याशी निघण्यापूर्वी एकदा बोलणे हेही मार्गदर्शकाचेच काम आहे.

आकडे बोलू लागतात तेव्हा

समजा सहा देवराया घेतल्या आणि प्रत्येकीत काठाला दहा, आत दहा अशा एक चौरस मीटरच्या १२० चौकटी मोजल्या. विद्यार्थी संगणकात १२० ओळी पाहून हरखतो आणि १२० स्वतंत्र निरीक्षणे आहेत असे धरून संख्याशास्त्रीय कसोटी लावतो. त्याला थांबवावे. एका देवराईतल्या वीस चौकटींवर तीच माती, तीच गुरे, त्याच आईझाडांचे बी यांचा ताबा असतो. त्या एकमेकींच्या बहिणी आहेत. काठ आणि मध्य यांची तुलना करायची तर आपल्याकडे सहा जोड्या आहेत, एवढेच. हा हिशेब विद्यार्थ्याला आवडत नाही, कारण १२० चे ६ झाले की निष्कर्ष बेताचा होतो. तरी तो ठामपणे समजावून द्यावा, कारण उन्हाळ्यात शिकण्यासारखे जे काही आहे त्यात याच्या तोडीचे दुसरे फार नाही. आणि हे मे महिन्यात समजावण्यापेक्षा मार्चमध्ये, आखणी करताना समजावले तर त्याला एकाच राईत चाळीस चौकटी घालण्याऐवजी आणखी दोन राया गाठता येतात.

आलेख काढण्याआधी कोरा कागद देऊन अपेक्षित आलेख हाताने काढायला सांगावा. मग खरे आकडे मांडावेत. काठाला रोपे जास्त निघाली, आत कमी, किंवा काहीच फरक नाही, यांपैकी कोणतेही उत्तर अहवालात तितक्याच जागेचे हक्कदार आहे. मार्गदर्शकाच्या चेहऱ्यावर निराशा दिसली तर विद्यार्थी पुढच्या वेळी आकड्यांना वळण लावायला शिकतो, हे लक्षात ठेवावे.

शेवटचे दोन आठवडे

रानातले काम मेच्या तिसऱ्या आठवड्यात थांबवावे, एखादी देवराई राहिली तरी. लिहायला दहा दिवस लागतातच. पद्धतीचा भाग पहिल्या आठवड्यातच लिहून घेतलेला असावा; आता निष्कर्ष आणि मर्यादा लिहायच्या. मार्गदर्शकाने मसुद्यात स्वतःची वाक्ये घालू नयेत, समासात विचारावे आणि विद्यार्थ्याला पुन्हा लिहू द्यावे. हे आकडे पुढे शोधनिबंधात गेले तर विद्यार्थ्याचे नाव लेखकांत असेल की आभारात, हे कामाच्या सुरुवातीलाच लेखी ठरलेले असावे. ज्याने प्रश्न घडवला, आकडे जमवले आणि मांडणी केली त्याला आभारात ढकलणे अन्याय आहे.

इंग्रजी अहवालाबरोबर मराठीत दोन पानांचा गोषवारा करून विद्यार्थ्याने तो गावात वाचून दाखवावा. झाडांची यादी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला दिली तर लोक जैवविविधता नोंदवहीत तिचा उपयोग होतो. मात्र औषधी किंवा दुर्मीळ झाडाची नेमकी जागा त्यात छापावी की नाही हे गावानेच ठरवावे. मूळ वही संस्थेत ठेवावी, तिची प्रत विद्यार्थ्याला द्यावी. विद्यार्थ्याने काय काय स्वतः केले याच्या पाच-सहा ओळी मार्गदर्शकाने त्याच आठवड्यात टिपून ठेवाव्यात, म्हणजे वर्षाने शिफारसपत्र मागायला आल्यावर गुळमुळीत पत्र लिहावे लागत नाही.

चौकटींच्या कोपऱ्यांवरच्या खुंट्या, गावाची हरकत नसेल तर, तशाच राहू द्याव्यात आणि विद्यार्थ्याला पुढच्या उन्हाळ्यात येणाऱ्याच्या नावे एक पत्र लिहायला सांगावे: कोणती खुंटी कोणत्या झाडापासून किती पावलांवर आहे, कोणती चौकट ओढ्याला पाणी असले की गाठता येत नाही, गावात पहिल्यांदा कोणाला भेटायचे आणि कोणते ‘अनोळखी’ अजून सुटलेले नाहीत.